दोन आठवड्यांचा पहिला क्रमांक आणि साठ टक्क्यांचा नकार

मागच्या महिन्यात कोर्टाच्या बार रूममध्ये चहाच्या वेळी नेहमीचा वाद निघाला. आमचे एक वकीलमित्र, माणूस सज्जन, पण वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर मत बनविणारे, आम्हाला म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही सारखे डावललेल्यांचे रडगाणे गाता. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या की! तिथल्या आदिवासींच्या दोन-दोन मुली टेनिसमध्ये जगात एक नंबर झाल्या. त्यांना कुणी अडवले? अंगात गुण असला की माणूस वर येतोच." आम्ही तोंड उघडणार तोच पुकारा झाला आणि मित्र फाईल बगलेत मारून निघून गेले. उत्तर राहून गेले. ते येथे देत आहोत, कारण हा प्रश्न त्या एकट्या मित्राचा नाही. एखादा गुणवंत वर आला की त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांचे तोंड बंद करण्याची ही पद्धत सगळ्या जगात एकसारखी आहे.

मित्रांच्या त्या दोन मुली म्हणजे इव्हॉन गुलागाँग आणि अॅश्ले बार्टी. गुलागाँग ही विराजुरी लोकांची, तर बार्टीला वडिलांकडून न्गारिगो लोकांचा वारसा. दोघीही आता निवृत्त आहेत. बार्टी २३ मार्च २०२२ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, जगात पहिल्या क्रमांकावर असतानाच निवृत्त झाली. साऱ्या ऑस्ट्रेलियाने तिला डोक्यावर घेतले. त्यानंतर दीड वर्षाने, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, त्याच ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. देशाच्या मूळ रहिवाशांसाठी संसद आणि शासन यांच्यापुढे म्हणणे मांडणारे एक मंडळ राज्यघटनेत असावे की नसावे, एवढाच प्रश्न होता. या मंडळाला नकाराधिकार नव्हता, निधी वाटण्याचा अधिकार नव्हता, फक्त सल्ला देण्याचा होता. साठ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. सहाच्या सहा राज्यांत 'नाही'ची सरशी झाली. म्हणजे मुलीने चषक आणला तर टाळ्या, आणि तिच्या लोकांनी बोलू द्या म्हटले तर नकार! या दोन गोष्टी एकाच देशात एकाच वेळी कशा नांदतात, हे समजून घ्यायचे तर गुलागाँगची सगळी कारकीर्द नीट वाचावी लागते. केवळ विजयांची यादी वाचून ते कळत नाही.

इव्हॉनचा जन्म ३१ जुलै १९५१ चा, न्यू साउथ वेल्स राज्यातील ग्रिफिथचा. वाढली ती बॅरेलन या गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या मुलखातील लहानशा गावात. वडील केनी मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या कामावर जात. आईचे नाव मेलिंडा. आठ भावंडे, त्यांत इव्हॉन तिसरी. गावात अॅबोरिजिनल कुटुंब हे एकच.

ती जन्मली तेव्हा तिच्या देशाच्या राज्यघटनेत १२७ वे कलम जिवंत होते. राष्ट्रकुलाच्या किंवा एखाद्या राज्याच्या लोकसंख्येची गणना करताना मूळ रहिवाशांना मोजू नये, असे त्या कलमाचे शब्द होते. येथे वकील म्हणून एक खुलासा केला पाहिजे. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांना कायद्याने 'वनस्पती आणि प्राणी' या सदरात घातले होते, असे एक विधान चळवळीच्या सभांतून अधूनमधून ऐकू येते. तसा कायदा नव्हता. खोट्या आधाराने आपला मुद्दा बळकट होत नाही, उलट विरोधकाच्या हाती कोलीत मिळते. खरे जे होते ते पुरेसे भयंकर होते. घटनेच्या ५१ व्या कलमातील २६ व्या पोटकलमानुसार केंद्रीय संसदेला कोणत्याही वंशाच्या लोकांसाठी खास कायदे करता येत, मात्र राज्यांतील अॅबोरिजिनल वंश त्यातून वगळलेला होता. त्यामुळे हे लोक एकेका राज्याच्या मर्जीवर सोडले गेले, आणि बहुतेक राज्यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र 'संरक्षण' कायदे केले.

संरक्षण हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. न्यू साउथ वेल्सचा असा कायदा १९०९ चा. १९१५ च्या दुरुस्तीने तेथील मंडळाला कोर्टाच्या हुकमाशिवाय मुले आईबापांपासून काढून नेण्याचा अधिकार मिळाला. १९४० नंतर मंडळाचे नाव 'कल्याण मंडळ' झाले आणि मूल नेण्यासाठी बाल न्यायालयाचा हुकूम लागू लागला. म्हणजे कागदोपत्री सुधारणा झाली. पण मूल 'दुर्लक्षित' आहे एवढे मॅजिस्ट्रेटला पटले की काम भागे, आणि दुर्लक्षाचा पुरावा काय, तर घरातले दारिद्र्य. आधी माणसाला जमिनीवरून हुसकायचे, मग तो गरीब आहे म्हणून त्याचे पोर उचलायचे! त्याच विराजुरी मुलखात कूटामंड्रा येथे अॅबोरिजिनल मुलींसाठी एक वसतिगृह होते. तेथे मुलींना कसले शिक्षण मिळे? गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होण्याचे. ते वसतिगृह १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू होते. पुढे १९९७ साली या साऱ्या प्रकाराचा चौकशी अहवाल आला. सुमारे १९१० ते १९७० या काळात दर तिनातले एक ते दर दहातले एक, या दरम्यान अॅबोरिजिनल मुले घरांतून काढून नेली गेली, असा त्याचा अंदाज आहे.

इव्हॉनने स्वतः पुढे अनेकदा सांगितलेली एक आठवण आहे. रस्त्याने अनोळखी मोटार आली की आई मुलांना लपायला सांगायची, नाहीतर 'वेल्फेअर'चा माणूस घेऊन जाईल. आमच्याकडे मुलांना बागुलबुवाची भीती घालतात. त्या माउलीचा बागुलबुवा सरकारी पगारावर होता आणि त्याच्या खिशात कागद असे.

या पार्श्वभूमीवर तिचे टेनिस सुरू झाले. फळांच्या खोक्याच्या लाकडी फळीची बॅट करून ती भिंतीवर चेंडू मारी. घराजवळ गावच्या टेनिस क्लबची कोर्टे होती आणि ती कुंपणाला नाक लावून बघत असे. बिल कर्ट्झमन या क्लबच्या माणसाने तिला पाहिले आणि आत येऊन खेळ म्हणून सांगितले. आम्ही हे नाव मुद्दाम लिहीत आहोत. कुंपणाबाहेरच्या पोरीसाठी फाटक उघडणारा गोरा माणूस त्या गावात होता, आणि पुढे तिला सिडनीला पाठवताना गावाने वर्गणी काढून कपडेलत्त्यांची सोय केली, हेही खरे आहे. व्यवस्था दुष्ट असली म्हणून तिच्यातला प्रत्येक माणूस दुष्ट असतो असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. पण क्लबचे फाटक एका माणसाच्या भलेपणावर उघडत होते, हक्काने नव्हे. बॅरेलनला कर्ट्झमन होता. ज्या गावांत तो नव्हता, तेथल्या इव्हॉनचे काय झाले, याची नोंद कोठे आहे?

ती दहाएक वर्षांची असताना सिडनीचे नामांकित प्रशिक्षक व्हिक एडवर्ड्स यांच्या दोन सहायकांनी गावातील शिबिरात तिला खेळताना पाहिले आणि गुरूंना कळवले. एडवर्ड्स आले, त्यांनी आईवडिलांना राजी केले, आणि चौदाच्या आसपासच्या वयात मुलगी त्यांच्या घरी सिडनीला राहायला गेली. पुढे ते तिचे कायदेशीर पालक झाले. ती तेथे शाळेत शिकली आणि टेनिसमध्ये तयार झाली. आईबापांनी संमतीने पाठवले होते, त्यामुळे हे प्रकरण आणि पळवलेल्या मुलांचे प्रकरण आम्ही एका पारड्यात टाकणार नाही. तरी त्या काळाच्या त्या मुलखात अॅबोरिजिनल मुलगी घर सोडून दूर जायची ती कोणत्या वाटांनी, हे पाहा. एक वाट कल्याण मंडळाच्या मोटारीची आणि दुसरी प्रशिक्षकाच्या मोटारीची. दुसरी कितीही चांगली असली तरी तिच्या टोकालाही गोऱ्यांचे घर होते, आणि आईची भाषा, आजीच्या गोष्टी, नातेवाईक हे सगळे मागे बॅरेलनलाच राहिले.

ती सिडनीत शिकत असतानाच, २७ मे १९६७ रोजी, देशात ते प्रसिद्ध सार्वमत झाले. १२७ वे कलम रद्द झाले आणि ५१ व्या कलमातील वगळणूक काढली गेली. 'होय' म्हणणारे ९०.७७ टक्के! इतके मताधिक्य त्या देशाच्या कोणत्याही सार्वमताला मिळालेले नाही. म्हणजे इव्हॉन गुलागाँग ही व्यक्ती घटनेच्या दृष्टीने मोजण्यास पात्र ठरली तेव्हा तिचे सोळावे वर्ष पूर्ण व्हायचे होते.

चार वर्षांनी, १९७१ साली, एकोणीस वर्षांची ही मुलगी फ्रेंच विजेती झाली. त्यानंतर विम्बल्डन. उपांत्य सामन्यात बिली जीन किंग आणि अंतिम सामन्यात आपल्याच देशाची मार्गारेट कोर्ट, दोघींना तिने सरळ सेटमध्ये हरवले. अंतिम सामन्याचा निकाल ६-४, ६-१. तिचा खेळ ज्यांनी पाहिला ते सारे तिच्या पायांबद्दल बोलतात. बॅकहँड डौलदार, नेटजवळ हात हलका, आणि चेंडूपर्यंत ती धावत गेली असे वाटायचेच नाही. विम्बल्डनने विजेत्या पुरुषाला ३,७५० पौंड दिले आणि तिला १,८०० पौंड. त्या दिवशी ती काळी म्हणून नव्हे, तर बाई म्हणून अर्ध्याहून कमी दामाची ठरली. ही दुसरी मोजणी विम्बल्डनने २००७ साली सुधारली.

१९७१ ची 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' म्हणून तिची निवड झाली. आणि २६ जानेवारी १९७२ रोजी, वसाहतीच्या स्थापनेचा वाढदिवस साजरा होत असताना, कॅनबेराच्या जुन्या संसद भवनासमोरील हिरवळीवर चार काळ्या तरुणांनी एक छत्री रोवली आणि तिला 'दूतावास' म्हटले. स्वतःच्या देशात आम्ही परके आहोत, तेव्हा आम्हालाही परक्यांसारखा दूतावास हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मागणी जमिनीच्या हक्काची होती. त्याच वर्षी ब्रिस्बेनच्या काळ्या तरुणांनी अमेरिकेकडे पाहून ब्लॅक पँथर नाव घेतले, आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोघांना एकमेकांची खबर असेल असे नाही, पण विस्तव एकाच चुलीतला होता. देशाने सन्मान कोणाचा केला? खेळणाऱ्या मुलीचा. आणि छत्रीखाली बसलेल्यांवर काही महिन्यांनी पोलीस घातले. सन्मान आणि लाठी यांचे हे वाटप आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता त्या प्रकरणाकडे येतो, जे गुलागाँगचे भक्त टाळतात आणि टीकाकार सोडत नाहीत. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ती वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली. जोहान्सबर्गच्या स्पर्धेत १९७१ साली ती अंतिम फेरीत हरली, १९७२ साली जिंकली. तेथे काळ्यांना गोऱ्यांबरोबर खेळता येत नसे, तेव्हा हिला कसे खेळवले? 'मानद गोरी' म्हणून! सरकार कागदावर शिक्का मारून एखाद्याची कातडी तेवढ्यापुरती गोरी करू शकत असेल, तर वर्णभेद निसर्गाने केला हा दावा त्याच शिक्क्याखाली खोटा ठरतो. पण तो वेगळा विषय. त्याआधी १९७० च्या आरंभी आर्थर अॅश या काळ्या अमेरिकन विजेत्याला त्याच सरकारने व्हिसा नाकारला होता, आणि दक्षिण आफ्रिकेला डेव्हिस चषकातून काढले गेले होते. ऑस्ट्रेलियात १९७१ च्या मध्याला दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाविरुद्ध एवढी निदर्शने झाली की क्वीन्सलँड राज्याने आणीबाणी पुकारली. अशा वेळी आपल्यातलीच एक मुलगी 'मानद गोरी' होऊन तेथे खेळते, याचा काळ्या कार्यकर्त्यांना संताप येणे साहजिक होते.

आमचे मत विचाराल तर ते जाणे चूक होते. बहिष्काराचे हत्यार सगळ्यांनी मिळून धरले तरच चालते. एक काळी खेळाडू तेथे गेली की पुढच्या दहा वर्षांसाठी त्या राजवटीला दाखवायला छायाचित्र मिळते. तथापि फिर्याद कोणावर दाखल करायची, हे ठरवताना आम्ही वकिलाच्या नजरेने बघू. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची होती. दौरे, सामने, पैसा, सगळे निर्णय पालक-प्रशिक्षकांच्या हाती होते. आपल्या लोकांचा इतिहास तिला घरापासून तोडल्यामुळे कोणी सांगितला नव्हता आणि शाळेच्या पुस्तकात तो नव्हता. तिच्याकडून कार्यकर्त्याच्या जाणिवेची अपेक्षा करायची, तर ती जाणीव देणारी शाळा तिच्या वाट्याला यायला हवी होती. आणि आणखी एक. मार्गारेट कोर्ट व इतर कितीतरी गोऱ्या खेळाडू त्याच स्पर्धेत त्याच कोर्टावर खेळत होत्या. त्यांच्या विवेकाची उलटतपासणी कितीजणांनी केली? अत्याचाराचा निषेध करण्याचे ओझेही अत्याचारग्रस्तांच्याच पोरीवर टाकायचे आणि बाकीच्यांनी निवांत सर्व्हिस करायची, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

मोठ्या वृत्तपत्रांची तऱ्हा तर निराळीच होती. सामन्यात मध्येच तिचे लक्ष उडाले, दोन-चार सोपे गुण गेले, की समालोचक आणि वार्ताहर लिहीत, ती 'वॉकअबाउट'ला गेली. अॅबोरिजिनल लोकांच्या आपल्या भूमीतील भटकंतीला गोऱ्यांनी दिलेला हा शब्द. काम टाकून न सांगता निघून जाणारे बेभरवशाचे लोक, असा त्याला वास आहे. लक्ष कोणाचे उडत नाही? गोऱ्या खेळाडूचे उडाले तर ती दमलेली असे, तिच्यावर दडपण असे. हिचे उडाले तर ते तिच्या रक्तात होते! सात ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे, अठरा अंतिम सामने, अमेरिकन स्पर्धेच्या सलग चार अंतिम फेऱ्या (चारही हरली, ते दुःख तिला राहिले असणार), अशी कारकीर्द लक्ष नसलेल्या माणसाची असते काय? ऑस्ट्रेलियन स्पर्धा तिने चार वेळा जिंकली. १९७५ साली रॉजर कॉली या इंग्रज तरुणाशी लग्न झाले आणि एडवर्ड्स यांच्यापासून ती वेगळी झाली. १९७७ साली मुलगी झाली. त्यानंतर १९८० साली तिने पुन्हा विम्बल्डन जिंकले, ख्रिस एव्हर्टला ६-१, ७-६ असे हरवून. आई झालेल्या स्त्रीने तेथे एकेरी जिंकण्याची ही १९१४ नंतरची, म्हणजे सहासष्ट वर्षांतली, पहिलीच वेळ. आम्हाला १९७१ पेक्षा हा विजय मोठा वाटतो. पहिल्या वेळी तिच्या पाठीशी प्रशिक्षकाची सारी यंत्रणा होती. दुसऱ्या वेळी दुखापती होत्या, लहान मूल होते, आणि निर्णय तिचे स्वतःचे होते.

खेळ सोडल्यावर ती अमेरिकेत स्थायिक झाली होती. १९९१ साली आई मेलिंडा वारली. आईच्या अंत्यविधीसाठी आली तेव्हा तेथे जमलेल्या नातेवाइकांच्या तोंडून आपण कोण, कोठले, हे तिला कळू लागले. वयाच्या चाळिशीत! त्याच वर्षी ती नवरा-मुलांसह ऑस्ट्रेलियात परतली आणि आपल्या लोकांच्या गावोगाव फिरली. १९९३ साली आलेल्या आत्मकथेचे नावच 'होम!' असे आहे. त्यानंतर १९९७ चा अहवाल आला, आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत पळवलेल्या पिढ्यांची माफी मागितली. इव्हॉनची आई तोवर सतरा वर्षे मातीत होती.

आता मित्रांच्या 'एक नंबर'बद्दल. महिला टेनिसची संगणकीय क्रमवारी नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून ख्रिस एव्हर्ट पहिली, अशी नोंद होती. गुलागाँग कधीच पहिल्या क्रमांकावर गेली नाही, असे एकतीस वर्षे छापले गेले. डिसेंबर २००७ मध्ये महिला टेनिस संघटनेने जाहीर केले की जुनी कागदपत्रे पुन्हा तपासता असे आढळले, की १९७६ साली २६ एप्रिल ते ९ मे हे दोन आठवडे गुलागाँग पहिली होती. ती आकडेवारी तेव्हा अपुरी राहिली होती. मग तिला त्याचा चषक देण्यात आला. खेळत होती तेव्हा चोवीस वर्षांची, चषक मिळाला तेव्हा छप्पन्न वर्षांची! यात वर्णद्वेष होता असे आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. ती कारकुनी चूक होती. पण कोर्टात रोज कागदांशी झुंजणारा माणूस म्हणून आम्हाला एवढे ठाऊक आहे, की सातबाऱ्यावर नाव नसले की जमीन असून नसते, दाखला नसला की जात असून नसते. इव्हॉनचे नाव दोनदा वगळले गेले, एकदा राज्यघटनेने ठरवून आणि एकदा फायलीने चुकून. पहिली चूक दुरुस्त व्हायला सार्वमत लागले, दुसरीला जुने कागद चाळणारा माणूस लागला. मित्र ज्या एक नंबरचा दाखला देतात, तो तिच्या हाती पडेपर्यंत ती आजीच्या वयाला आली होती.

बार्टीच्या वेळी चित्र बरेच बदलले होते, हे कबूल केले पाहिजे. क्वीन्सलँडमधील इप्सविचची ही मुलगी. २०११ साली पंधराव्या वर्षी मुलींचे विम्बल्डन जिंकली, २०१४ मध्ये कंटाळून टेनिस सोडले, ब्रिस्बेनच्या संघातून चक्क क्रिकेट खेळली, २०१६ मध्ये परतली. २०१९ साली फ्रेंच विजेती आणि जून महिन्यात जगात पहिली. एकूण १२१ आठवडे ती त्या जागेवर होती. तिचा चेहरा पाहून आपल्याकडे अनेकजण विचारतात, ही तर गोरी, ही आदिवासी कशी? ऑस्ट्रेलियात याची तीन अंगांची कसोटी रूढ आहे, मेबो खटल्याच्या १९९२ च्या निकालातही ती आहे. अॅबोरिजिनल वंशातला जन्म, आपण त्यांचे आहोत असे स्वतः मानणे, आणि त्या समाजाने आपले म्हणून स्वीकारणे. कातडीचा रंग त्यात नाही. ज्या सरकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रक्ताचे अर्धे-पाव हिशेब करून मुले उचलली, त्यांच्या देशात ही कसोटी येणे ही मोठीच वैचारिक झेप आहे. बार्टीने आपला वारसा कधी लपवला नाही, उलट पुढे होऊन सांगितला.

२०२१ साली, गुलागाँगच्या पहिल्या विम्बल्डनला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, बार्टी तेथे उतरली ती इव्हॉनच्या १९७१ च्या पोशाखाची आठवण देणारा झालरीचा पोशाख घालून, आणि जिंकली. २९ जानेवारी २०२२ रोजी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. चव्वेचाळीस वर्षांनी घरची मुलगी विजेती झाली होती, आणि चषक देण्यासाठी मंचावर अचानक इव्हॉन आली. सारे स्टेडियम उभे राहिले. एका विजेतीने दुसरीच्या हाती चषक ठेवला आणि मध्ये कोणी पालक, संरक्षक, कल्याण अधिकारी नव्हता.

आमच्या मित्रांनी हेच दृश्य टीव्हीवर पाहिले असावे. त्यांनी त्यानंतरचे पाहिले नाही. २०१७ साली उलुरू येथे जमलेल्या मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी जे निवेदन काढले, त्यात १९६७ साली आम्हाला मोजले गेले, आता आमचे ऐकले जावे, अशा आशयाची मागणी आहे. २०२३ च्या सार्वमताचा उगम त्या निवेदनात आहे. विरोधकांच्या प्रचाराचा एक मुख्य सूर असा होता, की वेगळा आवाज दिला तर वंशावरून देशात फूट पडेल. ज्या घटनेने १९०१ पासून सहासष्ट वर्षे वंश पाहूनच माणसे वगळली, तिच्यात समावेशासाठी ओळ घालायची वेळ आली, तेव्हा वंश दिसू लागला! मोजायला ९०.७७ टक्के तयार झाले. ऐकायला चाळीसही टक्के मिळाले नाहीत. मोजल्याने कोणाला काही सोडावे लागत नाही. ऐकायचे म्हटले की जमीन निघते, तुरुंग निघतो. आज मूळ रहिवासी लोकसंख्येच्या ३.८ टक्के आहेत, आणि तुरुंगात दर तीन कैद्यांमागे जवळपास एक त्यांचा आहे. कोठडीतील मृत्यूंबाबत १९९१ च्या चौकशी आयोगाने ३३९ शिफारशी केल्या होत्या. त्यानंतरही कोठडीतले मृत्यू थांबलेले नाहीत.

तेव्हा मित्रांना आमचे उत्तर एवढेच, की त्या मुलींना अडवले होते की नव्हते हे त्यांच्या चषकांवरून ठरत नाही. इव्हॉन वर आली ती एका कर्ट्झमनमुळे, वर्गणी काढणाऱ्या एका गावामुळे आणि तिच्या त्या पायांमुळे. या तिन्ही गोष्टी कायद्याने मिळत नाहीत. तिच्याच वयाच्या, त्याच मुलखातल्या मुली कूटामंड्राला फरशी पुसायला शिकत होत्या. त्यांच्यात एखादी तिच्याइतकी चपळ असेल, तर ते कोणाला कधी कळणार नाही.

इव्हॉनबाईंनी आता सत्तरी ओलांडली आहे. २००५ पासून त्यांच्या नावाने अॅबोरिजिनल मुलामुलींची टेनिस शिबिरे भरतात. त्यात विजेते तयार करण्यापेक्षा मुले शाळेत टिकावीत यावर भर असतो. रॅकेट हे निमित्त, मूळ काम शिक्षणाचे. बॅरेलनच्या बागेत २००९ पासून तिच्या लाकडी रॅकेटची भलीमोठी प्रतिकृती उभी आहे, घरापेक्षा उंच. गावाला येणारे प्रवासी तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. लहानपणी मोटार दिसली की लपायला सांगणारी आई त्याच गावातली.